वॉर्डातल्या मुलांना शिकवण्यासाठी शिक्षकांना कसं तयार करावं?

फोंड्याचे_मास्तर

नमस्कार. मी अठरा वर्षं डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या, विद्यार्थ्यांना शिकवतो. यंदा जूनपासून आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना आठवड्यातून एकदा गोव्यातल्या एका रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात न्यायची परवानगी मिळाली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आम्हाला सांभाळूनच घेतलं, चुकलं ते आमच्या बाजूनं.

पहिल्याच दिवसाचं सांगतो. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. चाळीस मिनिटांचं पाठ टाचण, प्रस्तावना, हेतुकथन, सगळं पद्धतशीर. हातानं रंगवलेला पावसाळ्याचा तक्ता. बेडजवळ उभी राहिली आणि आम्ही शिकवलंय तसं पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न विचारून सुरुवात केली, "काल तुम्ही शाळेत काय शिकलात?" तो मुलगा पाच महिने शाळेत गेलेला नव्हता. त्यानं काही उत्तर दिलं नाही, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात शेजारच्या बेडवरची छोटी ओकायला लागली. तिच्या आईची धावपळ, सिस्टरांची धावपळ. आमची मुलगी तक्ता गुंडाळून बाहेर पॅसेजमध्ये आली आणि रडू लागली. "सर, मी काय चुकीचं विचारलं?" म्हणाली. मला तिला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न तिला मीच शिकवला होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी मला सहा दिवस मिळताहेत, बारा विद्यार्थिनी आहेत. एक दिवस डॉक्टरांचं व्याख्यान, एक समुपदेशकांचं, एक कायद्यावर, असं ठरवत होतो. पण अशी तीन व्याख्यानं ऐकूनसुद्धा ती मुलगी त्या बेडजवळ तोच प्रश्न विचारेल, असं मला वाटतं.

दुसरी अडचण भाषेची. एकाच वॉर्डात पेडण्याचा मराठी शाळेतला मुलगा, सासष्टीची इंग्रजी माध्यमातली मुलगी, दोडामार्गाहून बालभारतीचं पुस्तक पिशवीत घेऊन आलेला, कारवारचा कन्नड शाळेतला आणि एक लमाणी कुटुंबातली पोर, जी कधी शाळेतच गेलेली नाही. इयत्ता वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळे. एक शिक्षिका तिथं काय घेऊन जाईल?

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय, त्यांनी कृपया लिहावं.


हरमलची_बाई

मास्तर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या मुलीला आधी सांगा की रडली म्हणून ती या कामाला नालायक ठरत नाही.

मी प्राथमिक शिक्षिका होते, सगळी नोकरी मराठी शाळेत, बहुतेक पेडणे तालुक्यात. निवृत्त झाल्यावर सात वर्षं आठवड्यातून दोन सकाळी मुलांच्या वॉर्डात बसते. मला कुणी तयार केलं नाही, चुकत चुकत शिकले. त्या चुकांचा उपयोग तुमच्या मुलींना झाला तर बरं वाटेल.

पहिले दोन दिवस त्यांना शिकवू देऊ नका. नुसतं बसवा. एका आईशेजारी स्टुलावर एक मुलगी, हातात छोटी वही. डॉक्टरांचा राउंड किती वाजता येतो, रक्त कधी काढतात, जेवणाची गाडी कधी येते, मुलं कधी पेंगतात, हे सगळं टिपायचं. शाळेत घंटा आपली असते, वॉर्डात ती दुसऱ्याची. मी पहिल्या आठवड्यात नऊ वाजता जाऊन बसायचे आणि प्रत्येक वेळी राउंडच्या मध्ये यायचे. आता साडेदहानंतर जाते.

मग पाठ टाचण. चाळीस मिनिटांचं फाडून टाका. पंधरा मिनिटांचा पाठ लिहायला लावा आणि तो त्या पंधरा मिनिटांत पुरा झाला पाहिजे. "उरलेलं उद्या" हे शब्द तिथं वापरू नयेत. उद्या त्याला ताप असेल, त्याला घरी सोडलं असेल किंवा मुंबईला हलवलं असेल. एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक गणित उत्तरासकट, एक चित्र नावासकट. मुलानं पंधराव्या मिनिटाला "आणखी" म्हटलं तर दुसरा पाठ पिशवीत तयार हवा. असे दहा पाठ प्रत्येकीनं बांधून ठेवावेत. ते बांधण्यातच तुमचे दोन दिवस जातील आणि ते सत्कारणी लागतील.

भाषेचं आणि इयत्तेचं विचारलंत. मी पुस्तकापासून सुरू करत नाही. "तू कितवीत?" असंही विचारत नाही, कारण ज्याचं वर्ष बुडालंय त्याला ते झोंबतं. मी विचारते, "तुमच्या घरून पणजीला यायला बस कशी मिळते?" मुलांना हे पाठ असतं. तेरेखोलचा एक मुलगा होता, दहा वर्षांचा, माझ्याशी तीन दिवस एक शब्द बोलला नव्हता. या प्रश्नावर म्हणाला, "आधी फेरीबोट." केरीपर्यंत फेरीबोट, मग हरमलवरून शिवोली, म्हापसा, पणजी. मी कागदावर रेघ ओढली आणि म्हटलं, पाणी कुठं कुठं लागतं तिथं निळा रंग भर. त्यानं तेरेखोल नदी रंगवली. शिवोलीच्या पुलाखाली शापोरा. पणजीला मांडवी. मग स्वतःच म्हणाला, "टीचर, मी तीन नद्या ओलांडून आलो." त्या कागदावर पुढचे चार दिवस भूगोल झाला, अंतरांची बेरीज झाली, तिकिटाच्या पैशांची वजाबाकी झाली आणि गावांची नावं लिहिताना शुद्धलेखनही झालं. कारवारच्या मुलाला हाच प्रश्न विचारला तर तो काळी नदीपासून सुरू करतो आणि नावं कन्नडमध्ये लिहितो. लिहू दे. मला वाचता येत नाही म्हटल्यावर तो मला वाचून दाखवतो.

आणखी एक, सलाईनचं गणित. लहान मुलांना बऱ्याचदा बारीक थेंबांचा सेट लावतात, त्यात ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तासाची मिनिटंही ६०. म्हणजे मिनिटाला जितके थेंब पडतात, तितकेच मिलिलिटर तासाला जातात. सातवीतल्या एका मुलीनं माझ्या घड्याळावर मिनिटभर थेंब मोजले, २५ आले. मग बाटलीवरची खूण पाहिली, १०० मिलिलिटर उरलं होतं. तिनं भागाकार केला आणि म्हणाली, चार तास. दुपारी तीन वाजता बाटली संपणार म्हणून तिनं वहीत लिहून ठेवलं. दोन वाजून पन्नास मिनिटांनी सिस्टर नवी बाटली घेऊन आल्या, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते शाळेतल्या बक्षीस समारंभात मी क्वचित पाहिलंय. तोवर ती बाटली तिच्यावर लादलेली होती, त्या दुपारी ती तिच्या हिशेबात आली. हे करण्याआधी सिस्टरांना विचारायचं, आणि नळीच्या चाकाला कुणीही हात लावायचा नाही, हे पहिल्या वाक्यात सांगायचं. काही ठिकाणी आता पंप असतात, त्यांच्यावर आकडा लिहिलेलाच असतो, तिथं उलटं गणित घालता येतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलगा "नको" म्हणाला तर तुमच्या मुलींनी "बरं" म्हणून उठायला शिकलं पाहिजे. त्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. रक्त काढायचं, त्याला विचारत नाहीत. गोळी कडू, त्याला विचारत नाहीत. कपडे काढून तपासतात. हे सगळं त्याच्या भल्यासाठीच आहे, पण "नको" हा शब्द त्याचा कुठंच चालत नाही. तो चालेल असं एकच माणूस त्या खोलीत येतं, ती म्हणजे शिक्षिका. "बरं, मी पलीकडे मीनाक्षीकडे बसते, परत जाताना हात करीन," एवढंच म्हणायचं, आणि जाताना खरोखर हात करायचा. माझा अनुभव असा की भिंतीकडे तोंड केलेलं मूल दुसऱ्या बेडवर चाललेला पाठ पाठमोरं ऐकत असतं. याचा सराव वर्गात करून घ्या. एकीनं मूल व्हायचं आणि नको म्हणायचं, दुसरीनं न रागावता, न लाडीगोडी लावता उठायचं. ऐकायला सोपं वाटतं. शिक्षकाला फार कठीण जातं, आपली अठरा वर्षांची सवय उलटी असते.

अभ्यास मात्र खरा द्या. दयेपोटी सातवीच्या मुलीला ससा रंगवायला देऊ नका. तिला कळतं.

माझी एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षी चवथीच्या आधी मी गावच्या मूर्तिकाराकडून चिकणमाती आणली, मुलांकडून छोटे गणपती करून घेणार होते. दारातच सिस्टरनी पिशवी धरली. ज्यांचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खाली आहेत त्यांना मातीतल्या बुरशीपासून धोका असतो म्हणाल्या. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. नंतर समजलं की फुलं, कुंड्या, केसाळ बाहुल्या, सगळ्याचंच हे आहे. त्या दिवशी कोऱ्या कागदाचे गणपती घडी घालून केले. विचारून आणायचं, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

आणि ते शेवटचं, जे कुणी विचारत नाही. मूल तुमच्या मुलीला कधीतरी विचारेल, "मी मरणार काय?" आईला विचारत नाही, कारण आई रडेल हे त्याला माहीत असतं. "छे, काहीतरीच काय बोलतोस" असं म्हटलं की दार बंद झालं, पुन्हा ते तुमच्याशी खरं बोलणार नाही. डॉक्टरकीचं उत्तर देणं हेही आपलं काम नाही. मी विचारते, "तुला असं कशावरून वाटलं?" आणि गप्प बसून ऐकते. एकदा एका मुलानं सांगितलं, समोरचा बेड रिकामा झाला म्हणून. मग त्याच्याशीच, "हे मी डॉक्टरांना सांगू का?" असं ठरवून सांगते. कुणालाही न सांगण्याचं वचन देत नाही.

बेड रिकामा होतो, मास्तर. दर वेळी मूल घरीच गेलेलं असतं असं नाही. त्या दिवशी तुमच्या मुलींना तिथूनच बसस्टॉपवर पाठवू नका. अर्धा तास एकत्र बसा, चहा घ्या, जिला बोलायचंय तिला बोलू द्या. माझ्यासोबत कुणी नव्हतं, मी कदंबा बसमध्ये खिडकीशी बसून रडत घरी जायचे. त्यांच्यावर ती वेळ येऊ नये.


वॉर्डसिस्टर_डिचोली

बाईंनी लिहिलेलं पटलं. माझ्याकडून कामाच्या चार गोष्टी.

हात. जेल चोळायचं तर २० ते ३० सेकंद, साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद. एका बेडवरून दुसऱ्या बेडकडे जाताना दर वेळी. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या घरी, ओढणी मागे बांधलेली. सर्दी-खोकला, डोळे आलेले, अंगावर पुरळ, तर त्या दिवशी येऊच नका, फोन करा, आम्हाला राग येत नाही. घरात कुणाला कांजिण्या असतील तर तेही सांगा. वाचनाची कार्डं लॅमिनेट करून आणा, पुसता येतात.

केमोवरच्या, म्हणजे कॅन्सरची औषधं चालू असलेल्या, मुलांबद्दल शिक्षकांनी एवढं जाणून यावं. विन्क्रिस्टिन नावाचं एक औषध आहे, त्यानं बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पकड सैल होते. अक्षर बिघडलं म्हणून "नीट लिही" म्हणू नका. जाड पेन्सिल द्या, किंवा त्यानं सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. स्टिरॉइडच्या दिवसांत मूल चिडतं, सारखं खायला मागतं, तोंड सुजल्यासारखं दिसतं. त्या दिवशी नवा धडा नको, उजळणी बरी. मेंदूपर्यंत औषध पोचवायचे उपचार झालेल्या काही मुलांना पुढं लक्ष टिकवायला, भरभर वाचायला जड जातं, तेव्हा वेळ जास्त द्या. आळस म्हणू नका.

आणि येताना आम्हाला एक वाक्य विचारा, "आज कोणाकडे बसू, कोणाकडे नको?" कितीही गडबड असली तरी याचं उत्तर देतो. सलाईन लावताना लिहायचा हात कोणता, हे आम्हीही मुलाला विचारतो. शिक्षिका यायला लागल्यापासून जास्त आठवणीनं विचारतो.


साखळीची_आई

मी शिक्षिका नाही. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, तो आता नववीत आहे. त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एक दिवस तपासणी आणि क्रॉसमॅच (रक्त जुळतं का ते पाहणं), दुसरा दिवस रक्त. दोन दिवस शाळा बुडतेच.

पण मला सांगायचंय ते रक्ताच्या आधीच्या चार-पाच दिवसांबद्दल. हिमोग्लोबिन उतरत जातं. तो वर्गात असतो, हजेरी लागते, आणि त्याला काही म्हणजे काही डोक्यात शिरत नाही. जिना चढला की धाप लागते. चौथीत असताना एका शाळेत त्याला त्याच दिवसांत सगळ्यांसमोर "झोपाळू" म्हणून उभं केलं. नंतर गैरहजेरी फार झाली म्हणून नाव कमी करू, असंही मला सांगितलं. मी तेव्हा घाबरले. पुढे कुणीतरी समजावलं की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आहेत. हे मला माहीत असतं तर त्या दिवशी मी ऑफिसात खाली मान घालून बसले नसते. मास्तर, कायद्याचा दिवस रद्द करू नका. फक्त तो व्याख्यानासारखा घेऊ नका. तुमच्या मुलींना मुख्याध्यापकांना लिहायचं पत्र लिहायला लावा. अमुक मुलगा इतके दिवस उपचार घेत होता, आमच्याकडे इतका अभ्यास झाला, नाव हजेरीपटावर राहू द्यावं, परीक्षेची दुसरी तारीख द्यावी. असं पत्र एका शिक्षिकेनं मला लिहून दिलं होतं, अजून फाइलमध्ये आहे.

रक्त चढत असताना चार तास तो बेडवर असतो आणि अर्ध्या बाटलीनंतर त्याला तरतरी येते. ती वेळ शिकवायला चांगली. सुरुवातीला नको, थंडी वाजते का, पुरळ येतं का, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

अजून एक. शाळेत परत जाणं हा वेगळा डोंगर आहे. माझ्या शेजारच्या बेडवरची मुलगी केस गेल्यावर शाळेत गेली, तर बाकावर शेजारी कुणी बसेना, लागण होईल म्हणून. घरी परतायच्या आधी कुणीतरी त्या वर्गात जाऊन बोलायला हवं, आणि काय सांगायचं, काय नाही, हे त्या मुलीला विचारून.


ग्रंथपाल_मडगाव

मास्तरांना वरच्या कार्यालयात हे पटवून द्यायचं असेल तर थोडं बाहेरचं. युरोपात १९८८ साली लायडनला रुग्णालयातल्या मुलांच्या हक्कांची दहा कलमांची सनद झाली. तिच्यातलं सातवं कलम खेळ, करमणूक आणि शिक्षण यांची पुरेपूर संधी मिळण्याबद्दल आहे. मी पोर्तुगीज वाचतो म्हणून ब्राझीलचं जास्त लक्षात राहिलं. रिओतल्या जेझुस या मुलांच्या रुग्णालयात १९५० पासून वर्ग भरतो, आणि २०१८ च्या कायद्यानं तिथं दीर्घकाळ रुग्णालयात किंवा घरी उपचार घेणाऱ्या विद्यार्थ्याला शालेय शिक्षण देणं सरकारवर बंधनकारक झालं. आपल्याकडे मुंबईत कॅनकिड्स संस्थेची कॅनशाला आहे, कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी. गोव्यातून मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जाणारी मुलं महिनोन्‌महिने त्या शहरात राहतात, तेव्हा इथल्या वर्गशिक्षकाला कॅनशालेचा पत्ता माहीत असावा.


फोंड्याचे_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं उत्तर त्या विद्यार्थिनीला वाचून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून मूल ऐकत असतं, इथं तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

सहा दिवसांची आखणी बदलली. दोन दिवस नुसतं बसणं, दोन दिवस पंधरा मिनिटांचे पाठ बांधणं आणि "नको"चा सराव, एक दिवस सिस्टरांकडे, एक दिवस पत्रं आणि शाळेत परतण्याचं. एकच प्रश्न राहिला. आमच्याकडे प्रत्येक सराव पाठाला गुण द्यावे लागतात. मुलानं नकार दिला आणि ती उठून आली, तर मी निरीक्षण वहीत काय लिहू?


हरमलची_बाई

मास्तर, ती कशी उठली ते लिहा. काय म्हणाली, जाताना हात केला का, दुसऱ्या दिवशी परत गेली का. त्यावर पैकीच्या पैकी गुण द्या. प्रत्येक भेटीनंतर तिला अर्धं पान लिहायला सांगा, फक्त मुलानं काय केलं त्यावर. स्वतःला काय वाटलं ते चहाच्या वेळी. मुलाचं नाव आणि आजार वहीत नको, वही बसमध्ये राहते.

येत्या गुरुवारी मी वॉर्डात आहे. सिस्टरांशी बोलले आहे, दोघींना आणायला त्यांची हरकत नाही, जास्त नकोत. रडलेल्या मुलीला आणा. साडेदहाला, राउंड संपल्यावर. मोठी पिशवी नको, एक वही, एक जाड पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. तक्ता आणला तरी चालेल, पण तो लॅमिनेट केलेला असू दे, आणि त्यावर आधी तिच्या स्वतःच्या गावची नदी काढून ठेवायला सांगा.